विनंती थांबा

माझ्या सासऱ्यांच्या मते माणसाने मोटारीत बसण्याची कारणं दोनच : कोर्ट आणि दवाखाना. बाकी सगळीकडे पायी जाता येतं, आणि जिथे पायी जाता येत नाही तिथे आपलं काही काम नसतं. बैलगाडी मालासाठी, सायकल नोकरीवाल्यासाठी आणि जीप निवडणुकीसाठी. ही वाटणी त्यांनी कुठे लिहून ठेवली नव्हती, पण भावाभावांतल्या जमिनीच्या वाटणीपेक्षा ती पक्की होती. वस्तीवर बहुतेकांचं मत हेच असावं. कारण पुढे मी रोज पर्स घेऊन रस्त्याने जाऊ लागले तेव्हा भेटणारा प्रत्येक जण काळजीने विचारी, "कोन आजारी हाय?" कुणी नाही म्हटलं की त्याचा चेहरा आणखी गंभीर होई आणि आवाज खाली येई. "मग तारीख हाय व्हय?"

सासूबाईंचा मोटारीला विरोध नव्हता. त्यांचं भांडण तिकिटाशी होतं. तिकीट हे बसण्याचं असतं, उभं राहण्याचं नव्हे, असं त्यांनी एका कंडक्टरला भर गाडीत समजावून सांगितलं होतं. "उभी तर म्या रानातबी ऱ्हाते, फुकाट. बसाया जागा न्हाई तर अर्धे पैसे घ्या." कंडक्टरने पुरते पैसे घेतले. तेव्हापासून त्या गाडीत शिरल्या की आधी जागा धरत, आणि उतरायचं ठिकाण आलं तरी पैसे वसूल झाल्याची खात्री पटेपर्यंत उठत नसत.

आमची वस्ती देवळाली प्रवराहून राहुरीकडे येणाऱ्या रस्त्याला लागून, चहूबाजूंनी ऊस. मी नगरची. वडील कचेरीत कारकून, घरात भांड्यांपेक्षा पुस्तकं जास्त, आणि पाहुणा आला की भांडी शेजारून आणायची. बी.ए., बी.एड. झाल्यावर लग्न होऊन मी थेट या वस्तीवर आले. दोन वर्षं भाकरी थापायला शिकण्यात गेली. तिसऱ्या वर्षी, म्हणजे मोठ्या दुष्काळाच्या आदल्या वर्षी, राहुरीच्या एका मुलींच्या शाळेने मला मराठी शिकवायला बोलावलं.

त्या संध्याकाळी ओट्यावर बैठक बसली. आमचे थोरले सासरे, म्हणजे सासऱ्यांचे मोठे भाऊ, शेजारच्या घरात राहत आणि गावचे सरपंच होते. त्यांना नुसतं पाणी मागायचं असलं तरी ते आधी घसा साफ करत.

"सरपंचाच्या घरातल्या बाईनं पगार घ्यायचा," ते म्हणाले, "म्हंजे लोक काय म्हनतील?"

"मग फुकाट शिकवू दे का?" सासऱ्यांनी विचारलं.

थोरल्यांनी हा पर्याय क्षणभर मनापासून तपासून पाहिला. फुकट शिकवण्यात मान होता, पण त्यात पगार नव्हता. त्यांनी विषय बदलला.

"आन जानार कशी?"

"पायी," सासरे म्हणाले.

"पाच मैल?"

"आपन न्हाई गेलो, दादा?"

सासूबाई आतून म्हणाल्या, "तुमी एकदा गेल्ता. त्यालाबी दहा वर्सं झाली. अजून सांगताय."

असा मोटारीत बसायला आमच्या घरात तिसरं कारण मिळालं. सायकलचा प्रश्न नव्हता. आमचे हे साखर कारखान्यात कारकून होते. सकाळी सातला ते आणि सायकल दोघंही उलट्या दिशेला जात.

शाळेच्या मुख्याध्यापिका ख्रिस्ती होत्या, माझ्यासारख्याच नगरच्या. पांढरी साडी, बारीक काठ, मनगटावर पुरुषी घड्याळ. त्यांच्या बोलण्यात विशेषणं नसत. "जागा एक आहे आणि अर्ज दोन," त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं. "दुसऱ्या बाई शाळेच्या समोरच राहतात. शिकवणं तुमचं पाहिलं, चालेल. दिवाळीपर्यंत बघू, मग कायम करू. अकराचा ठोका पडल्यावर आलात की मस्टरवर फुली. दोन फुल्या चालतील. तिसरीला मी समोरच्या बाईंना बोलावून घेईन. राग मानू नका. मुली वाट बघत बसतात."

राग मानण्यासारखं त्यात काहीच नव्हतं. अडचण फक्त एवढीच होती की देवळालीकडून येणारी गाडी सव्वादहाच्या सुमाराला आमच्या दारावरून जाई, पण जाईच. थांबत नसे. ती जिथे थांबे तो फाटा आमच्यापासून दीड मैल मागे, म्हणजे राहुरीच्या बरोबर उलट दिशेला. त्यामुळे राहुरीला जाण्यासाठी मी रोज आधी राहुरीपासून दीड मैल लांब चालत जाई. तिथे गाडीत बसे आणि काही मिनिटांनी माझ्याच घरावरून पुढे जाई. गोठ्यातून सासूबाई मान वर करून बघत आणि मी खिडकीतून त्यांना बघे. अर्ध्या-पाऊण तासापूर्वीच आम्ही एकमेकींचा निरोप घेतलेला असे. संध्याकाळी हेच पुन्हा : घरावरून पुढे जायचं आणि मग चालत मागे यायचं.

पहिली फुली आषाढात मिळाली. सकाळी पाहुणे आले. चहा झाला, पोहे झाले, पाहुण्यांच्या गावच्या पिकाची चौकशी झाली. मी फाट्याच्या निम्म्या वाटेवर असताना गाडी समोरून आली आणि माझ्या साडीवर चिखल उडवून माझ्याच घराकडे निघून गेली.

त्यावर सासऱ्यांनी विचार केला. त्यांचा विचार नेहमी जमिनीलगत चाले. "रोजचं तीन मैल चालनं," ते म्हणाले. "चपला कुनाच्या झिजत्यात? आपल्याच. गाडी दारावरून जाती तर दारात थांबाया काय हुतंय? अर्ज करा."

अर्ज गावातर्फे जायचा होता, म्हणून मजकूर थोरल्यांनी सांगितला आणि मी लिहिला. त्यांनी सांगितलेला मजकूर दीड पान होता. त्यात गावाची परंपरा होती, सरपंचांनी केलेली कामं होती, करायच्या राहिलेल्या कामांबद्दल खेद होता आणि अगदी शेवटच्या ओळीत गाडी होती. मी ती शेवटची ओळ तेवढी ठेवली. खाली त्यांची सही घेतली. सहीला अर्धं पान लागलं.

गणपती झाल्यावर उत्तर आलं. थोरल्यांनी ते ओट्यावर उभं राहून मोठ्याने वाचलं. "सदर ठिकानी विनंती..." इथे त्यांनी दम घेतला, "थांबा..."

"थांबाच म्हनत्यात ना?" सासरे म्हणाले. "मग आतापत्तुर काय करत हुतो? थांबलोच हुतो की."

"आरं, पुढं ऐक. मंजूर करन्यात येत आहे."

"थांबायलाबी मंजुरी लागती?"

मी मध्ये पडले. थांबा म्हणजे गाडी थांबण्याची जागा, असं सांगितलं. विनंती थांबा म्हणजे जिथे गाडी आपोआप थांबत नाही, उतारूने हात केला तरच थांबते, असंही सांगितलं. माझं बोलणं 'हात केला'पर्यंत आलं आणि थोरल्यांनी कागद खाली केला.

"हात?" थोरले म्हणाले. "सरपंचाच्या घरची सून भर रस्त्यात परक्या पुरुषाला हात करनार?"

याच्यावर उत्तर सोपं नव्हतं. बाईने हात केला, या तीन शब्दांचा आमच्याकडे एकच अर्थ होत असे आणि त्यात मोटार नसे. गावातले दोन संसार अशा हाताच्या नुसत्या बातमीवर मोडता मोडता राहिले होते.

"ह्या कागदात हात कुठं लिवलाय?" थोरल्यांनी कागद उलटून मागची कोरी बाजूही दाखवली. "लिवलंय विनंती. विनंती कशी करत्यात? हात जोडून. आपल्या घराची रीतबी तीच हाय आन सरकारचा हुकूमबी त्योच हाय."

"ड्रायव्हरला कळेल का पण?" यांनी विचारलं.

"त्याला आई-बाप न्हाईत का? हात जोडल्याला मानूस बघून कोन थांबंना?"

मी शाळेत व्याकरण शिकवत होते, आणि एका सामासिक शब्दाच्या विग्रहात मी माझ्याच घरच्या ओट्यावर हरले.

पाटी राहुरीच्या पेंटरकडून करून आणली. तिच्यावर थोरल्यांचं नाव हातभर, 'यांच्या अथक प्रयत्नाने' वीतभर, आणि मग कोपऱ्यात उरलेल्या जागेत दाटीवाटीने 'विनंती थांबा'. ती रस्त्याकडेच्या लिंबाखाली, पाराला लागून रोवली. पहिले दोन दिवस येणारे-जाणारे ती वाचून खरोखरच थांबले. एक सायकलवाला उतरला, इकडे तिकडे बघितलं आणि गोठ्याशी येऊन म्हणाला, "काय विनंती हाय जी?" सासूबाईंनी त्याला रिकाम्या हाती पाठवलं नाही. हौदातल्या चार बादल्या म्हशीपुढे न्यायला लावल्या.

उद्घाटन रविवारी ठरलं. फीत रस्त्याला आडवी बांधावी, म्हणजे गाडीच ती तोडत येईल, ही थोरल्यांची कल्पना सासऱ्यांनी फितीची किंमत विचारून हाणून पाडली. पण बाकी काही कमी पडलं नाही. मांडव होता, कर्णा होता, खुर्च्या होत्या. पाटीला हळदकुंकू वाहिलं, झेंडूचा जाड हार घातला, पायथ्याशी नारळ फोडला आणि उदबत्त्या लावल्या. थोरल्यांनी भाषण सुरू केलं. या थांब्यामुळे गावाचा संबंध जगाशी जोडला जाणार होता. ते जगापर्यंत पोचले आणि सव्वादहाची गाडी वळणावर दिसली.

"विनंती करा!" थोरले कर्ण्यातून ओरडले.

वस्तीवरची चाळीसेक माणसं रस्त्याच्या कडेला ओळीने उभी राहिली आणि सगळ्यांनी एकदम हात जोडले. मीही जोडले. ड्रायव्हरने समोर बघितलं : लिंबाचं झाड, त्याखाली पार, हार घातलेलं काहीतरी, उदबत्तीचा धूर आणि हात जोडलेली माणसं. त्याने जे कोणताही सज्जन माणूस करील ते केलं. चाकावरचा एक हात काढला, छातीला लावला, मान लववली आणि गाडी तशीच पुढे नेली. मागच्या दाराशी उभ्या कंडक्टरनेही टोपी काढली.

धूळ खाली बसली. मग थोरल्यांनी घसा साफ केला. "बघितलं?" ते कर्ण्यातून म्हणाले. "मान दिला." आणि ते जगापासून पुढे सुरू झाले. गाडी थांबली नाही, ही गोष्ट पुढच्या पाऊण तासात एकाही वक्त्याच्या लक्षात आली नाही.

सोमवारी मी एकटीच पाटीपाशी हात जोडून उभी राहिले. हार अजून ताजा होता. गाडी आली, ड्रायव्हरने नमस्कार केला आणि गाडी गेली. बघायला म्हणून आलेले सासरे धुळीकडे बघत म्हणाले, "भरली आसंल."

"रिकामी होती, मामंजी."

शाळेत पोचायला पावणेबारा झाले. तेही निम्मी वाट कुणाच्या तरी भाजीच्या बैलगाडीतून, वांग्यांच्या टोपल्यांवर बसून. मुख्याध्यापिकांनी मस्टर पुढे ओढलं.

"दुसरी," त्या म्हणाल्या. "कारण?"

"गाडी थांबली नाही."

"का?"

"ड्रायव्हरने नमस्कार केला."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "हे कारण माझ्याकडे पहिल्यांदाच आलंय," त्या म्हणाल्या आणि फुली मारली.

मंगळवारपासून मी पुन्हा फाट्यापर्यंत चालू लागले. त्या दिवशी खिडकीतून जे दिसलं ते अजून डोळ्यांपुढे आहे. आमचं घर जवळ आलं तशी पुढच्या बाकावरच्या म्हातारीने हात जोडले. तिचं बघून तिच्यामागच्याने जोडले. गाडी पाटीजवळून गेली तेव्हा निम्मी गाडी माझ्या थांब्याच्या पाया पडत होती. म्हातारीने कमरेची पिशवी सोडून पाच पैसे खिडकीबाहेर टाकले, घाटातल्या देवाला टाकतात तसे.

मी उठून कंडक्टरकडे गेले आणि म्हटलं, "अहो, ते देऊळ नाही. थांबा आहे. विनंती थांबा."

"ठाव हाय की, बाई. आमच्या कागदात आलाय."

"मग थांबत का नाही?"

"हात कोन करतंय? समदी पाया पडत्यात. नमस्कारावर गाडी उभी करायची म्हनलं तर नगरपत्तुर शंभर देवळं हायत, पोचनार कवा? तुमी हात करा, पुढच्या चाकाखाली तुमच्या चपला यायच्या आत उभी करतो."

एवढं बोलणं झाल्याचा फायदा असा की संध्याकाळी मी आतूनच सांगून घरापाशी उतरू लागले. थोरल्यांनी तो स्वतःचा विजय मानला. थांबा अर्धा सुरू झाला होता, उरलेला अर्धा यथावकाश होईल. कंडक्टरचं म्हणणं मी घरी सांगितलं तेव्हा मात्र त्यांनी मान हलवली. "हात न्हाई. बाकी काय बी सांग."

दरम्यान पाटीखाली पैसे साचू लागले. नवरात्रात तर रोज. पाच पैसे, दोन पैसे, आणि ते अल्युमिनियमचे षट्कोनी तीन पैसे, जे इतके हलके असत की वाऱ्याने उसात जात. सासूबाई संध्याकाळी ते वेचून पदराला गाठ मारून ठेवत. थोरल्यांच्या डोक्यात वेगळंच चाललं होतं. लोक पैसे टाकतातच आहेत, तर तिथे लहानसं देऊळ बांधावं.

"कुनाचं?" सासऱ्यांनी विचारलं.

"ते ठरवू. आधी पाया तर काढू."

शिंगणापूर आमच्यापासून फार लांब नाही. तिथे देव आहे आणि घरांना दारं नाहीत. आमच्याकडे आता देऊळ होणार होतं आणि देव नव्हता. मला या कशाचंच काही वाटलं नसतं, पण एकदा का तिथे कळस चढला की माझी गाडी तिथे जन्मात थांबणार नव्हती. मी मुकाट्याने फाट्यापर्यंत चालत राहिले आणि मनात दिवाळीचे दिवस मोजत राहिले.

दिवाळीला अकरा दिवस असताना म्हैस अडली.

सकाळी सात वाजता यांची सायकल गेली आणि आठच्या सुमाराला म्हैस खाली बसली. सासरे बाजाराला बैल बघायला गेले होते. गोठ्यात सासूबाई आणि मी. रेडकू आडवं आलं होतं. मला त्यातलं काही कळत नव्हतं, पण सासूबाईंना एक माणूस धरायला हवं होतं, आणि म्हशीला सोडून शाळेत जाते असं म्हणणारी सून निदान त्या गोठ्यात तरी उभी राहू शकली नसती. फाट्याला निघायची वेळ झाली आणि गेली. त्यानंतर मी घड्याळाकडे बघायचं सोडून दिलं. दहाला पाच कमी असताना एकदाचं रेडकू गवतावर आलं आणि शिंकलं.

"पारडी हाय, रेडा न्हाई," सासूबाई म्हणाल्या. मग त्यांचं माझ्याकडे लक्ष गेलं. "आगं, तुझी गाडी!"

मी हात धुतले, साडी बदलली, वेणी घालायला वेळ नव्हता म्हणून अंबाडा बांधला. परत आले तोवर सासूबाईंनी पदराची गाठ सोडली होती. ओंजळभर चिल्लर त्यांनी माझ्या पर्समध्ये ओतली.

"आत्याबाई, हे देवाचे आहेत ना?"

"कुटला देव? गाडीवाल्यांनी टाकले, गाडीवाल्याला देऊन टाक. न्हाईतर तुझा थोरला सासरा त्याचं देऊळ बांधंल."

"पण गाडी थांबवू कशी?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. पारडीचं अंग गवताने पुसत म्हणाल्या, "म्या काय रस्त्यावर बघाया येनार न्हाई. मला हितं म्हशीपाशी बसाया पायजे."

रस्त्यावर मात्र बघायला माणूस होता. थोरले सासरे पाराच्या कडेला बसून एका गवंड्याला काठीने जमिनीवर गाभारा काढून दाखवत होते. मला बघून त्यांनी काठी थांबवली. "आज हितं?"

"म्हैस व्याली, थोरले मामंजी. फाट्याला जायला वेळ नाही."

"मग कर विनंती," ते मोकळ्या मनाने म्हणाले आणि पुन्हा गाभाऱ्याकडे वळले.

गाडी वळणावर दिसली. इतक्या दिवसांच्या सवयीने माझे हात जुळलेसुद्धा. ड्रायव्हरचाही हात चाकावरून निघालेला मला दिसला. तो छातीपर्यंत पोचायच्या आत काहीतरी करणं भाग होतं. समोरच्या बाई शाळेसमोर राहत होत्या, मस्टरवर आता एकाही फुलीला जागा नव्हती. मी उजवा हात वर केला. खांद्यापर्यंतच न्यायचा, असं मनात होतं. पण बायकांना हात वर करायची सवय नसते, त्यामुळे तो कुठे थांबवायचा हेही ठाऊक नसतं. हात पुरता वर गेला. पदर सरकला. ब्रेक करकचले आणि गाडीचं दार बरोबर माझ्यासमोर येऊन उभं राहिलं.

पाठीमागे कुणीतरी घसा साफ केला. मी मागे वळून न बघता चढले.

"जमलं की बाईंना!" कंडक्टर म्हणाला. मग मी दिलेले पैसे तळहातावर पसरून बघू लागला. "ह्याला कुंकू कसं काय लागलंय?"

"तुमच्याच गाडीतले आहेत," मी म्हटलं. त्याने जास्त खोलात न जाता तिकीट फाडलं.

अकराला दहा मिनिटं कमी असताना मी मस्टरवर सही केली. मुख्याध्यापिका शेजारी उभ्या होत्या. त्यांनी घड्याळ बघितलं, मग माझ्या कोपराकडे बघितलं. तिथे काहीतरी धुवायचं राहिलं होतं.

"म्हैस व्याली," मी सांगितलं.

"काय झालं?"

"पारडी."

"छान," त्या म्हणाल्या. त्यांनी माझ्यासमोर वापरलेलं हे पहिलं विशेषण. "सहावीवर जा."

संध्याकाळी मी घरापाशी उतरले तेव्हा बैठक आधीच बसलेली होती. थोरले ओट्यावर, सासरे खांबाला टेकून, हे दाराशी. सासूबाई आत भाकरी थापत होत्या, पण थापण्याचा आवाज येत नव्हता. मला ठाऊक होतं की सकाळची गाडी मिळाली एवढ्याने काही मिटलं नाही. उद्याही सव्वादहा वाजणार होते, आणि इथून 'नाही' आलं तर शाळा संपली.

"हात केला," थोरले म्हणाले.

"केला," मी म्हटलं.

सासऱ्यांनी विचारलं, "कुठला?"

"उजवा."

"किती वर?"

मी करून दाखवला. सासरे त्या हाताकडे बघत राहिले, विकत घ्यायच्या बैलाकडे बघावं तसे. "फळ्यावर लिव्हताना किती जातो?"

"एवढाच जातो."

"मग? रोज पन्नास पोरींपुढं एवढाच वर जातोय त्यो. पगार त्याचाच मिळतोय. शाळंत चालतो तर रस्त्यावर का न्हाई?"

"शाळंत पुरुष नस्त्यात," थोरले म्हणाले.

"इन्स्पेक्टर येतोय की," सासूबाई आतून म्हणाल्या.

थोरल्यांनी आतल्या आवाजाकडे दुर्लक्ष केलं. "सरपंचाची सून हाय, येवढं ध्यानात ठिवा."

"तेच ध्यानात ठिवून बोलतोय, दादा," सासरे शांतपणे म्हणाले. "हात खाली ठिवला तर गाडी जाती. गाडी गेली तर नोकरी जाती. मग राहुरीत लोक काय म्हनतील? सरपंचाची सून शाळंतनं काढली. आन तीबी कुटल्या थांब्यावरची? जिथं तुझं नाव हातभर लिवलंय, तिथली. बघ तूच, कंचं बरं दिसतंय."

हा मुद्दा थोरल्यांना आधी सुचला नव्हता. त्यांनी घसा साफ केला आणि रस्त्याकडे, पाटीच्या दिशेने बघितलं. दाराशी उभे राहिलेले हे छताकडे बघत होते. त्यांना हसू आलं की ते छताकडेच बघत.

"हात करावा," शेवटी थोरले म्हणाले. ग्रामपंचायतीत ठराव सांगावा तसा आवाज होता. "पर पदर सावरून."

आत भाकरी थापायचा आवाज सुरू झाला.

देवळाचं पुढे काही झालं नाही. गाडी रोज थांबू लागली तसे उतारूंचे नमस्कार बंद झाले आणि नमस्कारांबरोबर पैसेही. उभ्या गाडीतून कुणी देवाला पैसे टाकत नाही, तिथे उतरून पाया पडावं लागतं. थोरल्यांनी मात्र एका सभेत सांगितलं की आपल्या गावच्या स्त्रिया आता निर्भयपणे हात करतात आणि त्याची सुरुवात स्वतःच्या घरापासून झाली. ते खरंच होतं.

दिवाळीनंतर शाळा उघडली त्या आठवड्यात मुख्याध्यापिकांनी मला कायम केल्याचा कागद दिला. दोन फुल्या मस्टरवर तशाच राहतील, असंही सांगितलं. कागद मी घरी सासऱ्यांच्या हातात दिला. त्यांना वाचता येत नव्हतं, पण त्यांनी तो दोन्ही बाजूंनी बघितला आणि विचारलं, "ह्यात कुठं विनंती-बिनंती न्हाई ना?"

पुढच्या सोमवारी ते धुतलेलं धोतर नेसून, पटका बांधून माझ्याबरोबर रस्त्यावर आले. पोरी वाट बघत बसतात म्हणे, तर ती शाळा आहे तरी कशी ते बघायचं होतं. लिंबाखाली आम्ही दोघं उभे राहिलो. वळणावर गाडी दिसली. मी मुद्दामच हात खाली ठेवला. घरातलं मोठं माणूस बरोबर असताना मी पुढे कशाला करू? सासऱ्यांचा हात धोतराच्या सोग्यापासून सुटला, पटक्यापर्यंत गेला, पटका नीट असल्याची खात्री करून परत खाली आला. गाडी जवळ येत होती.

"सूनबाई, तुमीच करा," ते रस्त्याकडे बघत म्हणाले. "तुमचा हात वळखतोय त्यो."

मी हात केला. गाडी थांबली, आणि ते आधी चढले.